पहिली कादंबरी, पहिले वाचक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी लिहून झाली आहे, प्रकाशकाकडे अजून गेलेली नाही, आणि मधल्या काळात चार जणांना वाचायला द्यायची आहे. या टप्प्यावर सोलापूर शहर-जिल्ह्यातले लिहिते लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. कवितेला किंवा कथेला यातलं बरंच लागू होत नाही. कादंबरीची अडचण मुख्यतः तिच्या लांबीतून येते.

खर्डा पूर्ण झाला की लगेच वाचायला देऊ का?

नको. पहिला खर्डा तीन-चार आठवडे कपाटात ठेवा, मग स्वतः मोठ्याने वाचा आणि दुसरा खर्डा करा. एका माणसाकडून पहिलं वाचन एकदाच मिळतं. दुसऱ्यांदा वाचताना कोण मरणार हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे उत्सुकता कुठे टिकली आणि कुठे गळाली हे तो सांगू शकत नाही. जी ढिलाई तुम्हाला स्वतःलाच दिसत होती, ती दाखवून घ्यायला हे वाचन खर्च करू नका.

तुमच्या दुरुस्त्या स्वल्पविराम इकडून तिकडे करण्यापुरत्या उरल्या, किंवा एखादं प्रकरण तिसऱ्यांदा लिहून तुम्ही पुन्हा पहिल्याच रूपावर आलात, की बाहेरचे डोळे हवेत असं समजा.

लिहिता लिहिता एकेक प्रकरण वाचायला देणं सगळ्यात घातक. महिन्याला एक प्रकरण वाचणाऱ्याला कादंबरीची गती कळत नाही, आणि तुम्ही नकळत पुढचं प्रकरण त्याला आवडावं म्हणून लिहू लागता.

वाचक किती असावेत आणि कोणते?

सहा पुरेत. पण सहाही जणांना एकदम देऊ नका. आधी तिघांना द्या, त्यांच्या अभिप्रायावरून खर्डा सुधारा, मग उरलेल्या तिघांना द्या. सगळे एकाच वेळी वापरले तर सुधारलेला खर्डा कोऱ्या नजरेने वाचायला कोणीच उरत नाही.

निवड करताना पदव्या पाहू नका. वर्षाला दहा-बारा कादंबऱ्या स्वतःच्या आवडीने वाचणारा माणूस हवा. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी नियमाने पुस्तक बदलायला येणारे सभासद या कामाला उत्तम. त्यांना लिहायचं नसतं, फक्त वाचायचं असतं. सहांपैकी एक जण कादंबरीतल्या विषयाचा माहितगार असावा, एक परगावचा असावा, आणि एक असा असावा की जो तुम्हाला फारसा ओळखत नाही. स्वतः कादंबरी लिहीत असलेला मित्र एकच ठेवा. तो तुमच्या पुस्तकात त्याचं पुस्तक शोधत बसतो, आणि यात त्याचा दोष नाही.

घरच्यांना द्यावी का?

वाचू द्या, पण सहांत मोजू नका. आई, बायको किंवा भाऊ वाचताना पुस्तक वाचत नाहीत, तुम्हाला वाचतात. "हे तू आत्याबद्दल लिहिलंस ना?" हा अभिप्राय कादंबरीवरचा नाही. (कामाचा आहे, पण त्याबद्दल खाली.)

कागदावर द्यावी की फोनवर?

जमेल तिथे कागदावर. ए-फोर कागद, १४ पॉइंटचा टाइप, दीड ओळीचं अंतर आणि एका बाजूला दीड इंच समास ठेवला तर पानावर साधारण ३०० शब्द बसतात. म्हणजे ६०,००० शब्दांची कादंबरी २०० पानांची, दोन्ही बाजूंनी छापली तर १०० कागदांची. तिचं एकच जाड स्पायरल करू नका. पन्नास-पन्नास कागदांचे दोन भाग करा. आडवं पडून वाचता येतं, हा एक फायदा. दुसरा मोठा: पहिला भाग द्यायचा आणि दुसरा स्वतःकडे ठेवायचा. वाचक दुसरा भाग मागायला तीन दिवसांत येतो की तीन आठवड्यांनी तुम्हालाच फोन करावा लागतो, हा अभिप्राय त्याने तोंड उघडण्याआधीच तुमच्या हाती येतो.

फोनवर पाठवायची तर पीडीएफ पाठवा, वर्डची फाइल नको. वर्डची फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की पानं सरकतात, मग एकाचं ८७ वं पान दुसऱ्याचं ९१ वं होतं आणि अभिप्राय जुळवता येत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर तर फोनवर नुसती अगम्य अक्षरं होऊन उघडतो. तो आधी युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं व रफार पुन्हा तपासा, कारण बदलताना तेच बिघडतात. फाइलच्या नावात खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख घाला. "फायनल", "फायनल नवीन", "एकदम फायनल" अशा तीन फाइली फिरत असल्या की कोणी काय वाचलं हे महिन्याभराने कोणालाच सांगता येत नाही.

वाचायला देताना नेमकं काय सांगायचं?

"कशी वाटली ते सांगा" एवढं सांगून दिलीत तर उत्तर "छान आहे" असंच येणार. मत मागू नका, खुणा मागा. कादंबरीबरोबर एक पेन्सिल द्या आणि पहिल्या पानावर एवढंच लिहा:

जिथे वाचायचं थांबवून पुस्तक खाली ठेवलं, तिथे आडवी रेघ. जिथे लक्ष उडालं किंवा ओळी गाळल्या, तिथे समासात उभी रेघ. कळलं नाही, तिथे प्रश्नचिन्ह. पटलं नाही, तिथे फुली. जिथे मजा आली, तिथे टिंब.

कारणं लिहायची सक्ती नको. कारण शोधायला लागला की वाचक समीक्षक होतो आणि समीक्षकासारखं वाचू लागतो. या पाच खुणांत आडवी रेघ सगळ्यात मोलाची. प्रकरणाच्या शेवटी थांबणं स्वाभाविक आहे. प्रकरणाच्या मधोमध, आणि तेही तिघांच्या प्रतींत एकाच पानाच्या आसपास रेघ आली, तर तिथे काहीतरी नक्की बिघडलं आहे.

वाचून झाल्यावर तोंडी विचारायचे प्रश्न मोजके: गोष्ट मला चार वाक्यांत सांगाल? न बघता कोणकोणत्या पात्रांची नावं आठवतात? पुढे काय होणार हे आधीच कुठे कळलं? पहिला प्रश्न साधा दिसतो, पण तुमच्या मते जी मुख्य कथा आहे ती वाचकाच्या चार वाक्यांत आलीच नाही, असं पुष्कळदा होतं. तसं झालं तर बाकीचे सगळे अभिप्राय बाजूला ठेवा आणि आधी तिचं बघा.

वाचायला किती मुदत द्यावी?

२०० पानांना पाच आठवडे. नुसतं "सावकाश वाचा" म्हटलं तर प्रत टीव्हीखाली जाऊन बसते. तारीख ठरवा, आणि ती पाहून ठरवा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत शहरातला वाचक वाचणार नाही. आषाढीच्या आधीचा पंधरवडा पंढरपूरच्या वाचकाकडून काही मागू नका. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि शिक्षक असेल तर मार्चमध्ये पेपर. पावसाळ्याचा उत्तरार्ध त्या मानाने मोकळा असतो.

मुदत संपली की एकदाच आठवण करा. तरीही काही आलं नाही तर किती पानं झाली एवढंच विचारा. चाळिसाव्या पानावर सोडून दिलेल्या वाचकाने चाळीस पानांचा अभिप्राय दिलेलाच आहे.

सगळे "छान आहे" म्हणतात. खरं कसं काढून घ्यायचं?

आपल्याकडे तोंडावर नाव ठेवणं म्हणजे माणूस तोडणं, अशी समजूत आहे. त्यामुळे वाचकाला दोष द्यायला लावू नका, निवड करायला लावा. "पंचवीस पानं काढून टाकायची आहेत, कुठली काढू?" असं विचारलं की तोच संकोची माणूस पटापट पानं दाखवतो. "दोन बहिणींपैकी एकच ठेवायची तर कोणती?" हाही चांगला प्रश्न. तुम्हाला ज्या प्रकरणाची खात्री नाही त्याचं नाव आधी घेऊ नका. घेतलंत की तो तेवढ्यावरच बोलेल आणि सुटला म्हणून निःश्वास टाकेल.

"भाषा फार सुंदर आहे" हे वाक्य एकटंच आलं तर सावध व्हा. बहुधा गोष्ट आठवत नाही असा त्याचा अर्थ असतो.

संवाद सोलापुरी बोलीत आहेत. पुण्याचा वाचक म्हणतो कळत नाही, इथला म्हणतो असंच पाहिजे. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. परगावच्या वाचकाकडून फक्त आकलन तपासा. त्याला न कळलेल्या शब्दाभोवती गोल काढायला सांगा. पानावर एक-दोन गोल असतील आणि तरी प्रसंग समजला असेल, तर हात लावू नका. वाचक संदर्भाने शिकतो. चार-पाच गोल आले तर चूक बहुधा शब्दांची नसून प्रसंगाची असते: कोण कोणाशी बोलतंय आणि का, हेच स्पष्ट झालेलं नसतं. "काय करलालास बे?" हे कोणालाही कळतं. पण त्या "बे" मध्ये सलगी आहे की उर्मटपणा, हे बाहेरच्याला कळायला तो कोण कोणाला म्हणतोय हे आधीच्या चार ओळींत आलेलं असावं लागतं. तळटीपा आणि कंसातले अर्थ देऊ नका. त्या जागी दुसऱ्या पात्राचं उत्तर असं लिहा की त्यातून अर्थ निघेल.

इथल्या वाचकाकडून खरेपणा तपासा. त्याने सांगायचं ते असं: ही बाई या वयाची, या पेठेतली, असं बोलेल का? सोलापुरात हा प्रश्न जास्त नाजूक, कारण घरात तेलुगू किंवा कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी माणसं इथे घरोघरी आहेत. पूर्व भागातला पद्मशाली विणकर किंवा घरी कन्नड बोलणारा बाळीवेशीतला व्यापारी रंगवताना नवखा लेखक हमखास एक चूक करतो: प्रत्येक वाक्यात लिंग चुकवतो. "माझा बायको आला" एकदा आलं तर बोलणं, दहा वेळा आलं तर तमाशातलं सोंग. खरा फरक वाक्याच्या ठेक्यात, कुठला शब्द मागे टाकला त्यात, आणि हाक मारण्यात असतो. असं पात्र असेल तर त्या घरातला एक वाचक सहांत असलाच पाहिजे. त्याला "चूक आहे का" असं विचारू नका. "तुमच्या आजोबांनी हे ऐकलं तर हसतील की रागावतील?" असं विचारा.

आणि लेखनपद्धती एकच ठेवा. एका पानावर "करलालास", दुसऱ्यावर "करूलालास", तिसऱ्यावर "करायलास" असं आलं तर वाचकाला ती बोली वाटत नाही, मुद्रणदोष वाटतो. एक शब्दसूची करून त्यात तुम्ही निवडलेलं रूप लिहून ठेवा. पुढे मुद्रितशोधकालाही तीच द्यायची आहे. नाहीतर तो तुमचं "करलालास" मोठ्या मायेने "करतोयस" करून ठेवील.

तपशिलाच्या चुका कोणी पकडायच्या?

माहितगाराने, आणि त्याला पूर्ण कादंबरी द्यायची गरज नाही. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला २०० पानं वाचायला देण्यापेक्षा कारखान्यातली वीस पानं त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा. तो कुठे हसतो ते टिपून घ्या. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा: दोन कामगार चालू मागांच्या मधे उभं राहून हळू आवाजात मनातलं बोलतात (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा ज्यांत असतो त्या मागांच्या खडखडाटात शेजारच्यालाही ओरडून किंवा हातवारे करूनच सांगावं लागतं), रॅपियर मागावर धोटा उडतो (त्याला धोटाच नसतो), कांडी संपली म्हणून बीम बदलतात (कांडीवर आडवं सूत असतं, बीमवर उभं).

इतिहासाचंही तसंच. १९३० च्या मे महिन्यातलं सोलापूर लिहिणाऱ्याने मार्शल लॉ १२ मेपासून लागू झाला हे धरूनच पात्रांच्या हालचाली ठरवाव्यात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघा हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली ती येरवड्याला. पात्र त्या पहाटे सोलापूरच्या तुरुंगाबाहेर उभं केलंत तर इथला कुठलाही जुना वाचक पुस्तक मिटेल. अलीकडच्या काळातल्या चुका आणखी सहज होतात. १९९५ साली सोलापूर विद्यापीठाची पदवी घेतलेला नायक चालणार नाही: विद्यापीठ २००४ चं, त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापूरहून निघते आणि संध्याकाळी पुण्याहून. पात्राला ती सकाळी पुण्यात पकडून देऊ नका.

माहितगाराचा एक धोका आहे. त्याला प्रत्येक खरी गोष्ट पुस्तकात हवी असते. चूक तेवढी दुरुस्त करा, भर घालू नका.

वाचक समोर बसून बोलतो तेव्हा मी काय करावं?

लिहून घ्या. "नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं की…" हे वाक्य तोंडातून निघालं की पुढचा खरा अभिप्राय बंद. तुम्ही पुस्तकाबरोबर प्रत्येक घरी जाऊन समजावणार नाही आहात. फक्त एकच प्रतिप्रश्न करा: "कुठल्या पानावर?"

आणि सहाही जणांना एकत्र बसवून चर्चा ठेवू नका. चहा-शेंगाचटणी होईल, मैफल जमेल, पण पहिला जो ठामपणे बोलेल त्याचंच मत बाकीचे पाच जण आपलं म्हणून सांगतील.

ऐकून फार लागलं. लगेच लिहायला बसू का?

आठ-दहा दिवस फाइल उघडू नका. रागात माणूस काहीच बदलत नाही, आणि खचलेला माणूस सगळंच बदलतो.

सहा प्रती परत आल्या. आता या ढिगाचं काय करायचं?

एक लांब वही घ्या, प्रत्येक प्रकरणाला दोन पानं ठेवा. रकाने पाच: पान, वाचक, खूण, वाचकाचे शब्द, आणि शेवटचा मोकळा. सगळ्या प्रतींतल्या खुणा पानाच्या क्रमाने त्यात उतरवा. हे दोन-तीन दिवसांचं कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. आठवणीवर विसंबलात तर सगळ्यात बोचलेलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि बहुधा ते एकाच वाचकाचं असतं.

मग मोजा. तिघांपैकी दोघांच्या किंवा सहांपैकी तिघांच्या खुणा दोन-तीन पानांच्या टापूत पडल्या, तर तिथला दोष खरा. एकट्याची खूण असेल तर ती पटली तरच घ्या. माहितगाराची फुली मात्र एकटी असली तरी घ्यायचीच.

दोष दिसतो तिथे तो असतोच असं नाही. समजा १४० व्या पानावर नायक घर सोडतो आणि तिघांनी फुली मारली आहे. एक म्हणतो बापाला आणखी दुष्ट करा. दुसरा म्हणतो एक पत्र घाला. तिसरा म्हणतो त्याने घर सोडूच नये. तीन उपाय एकमेकांशी जुळत नाहीत, पण पान एकच आहे. अशा वेळी १४० वं पान रंगवत बसू नका, मागे जा. साठाव्या पानावर बाप-लेकाचं भांडण "त्या दिवशी दोघांत बरंच बोलणं झालं" अशा एका ओळीत उरकलेलं सापडतं. ते भांडण वाचकाने पाहिलंच नाही, मग तो घर सोडण्यावर विश्वास कसा ठेवणार? पाचवा रकाना या कारणासाठी मोकळा ठेवायचा: तिथे दोषाचं खरं पान लिहायचं. पान वाचकाकडून घ्या, उपाय तुमचा तुम्ही शोधा.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. आधी रचना, मग प्रसंग, मग वाक्यं, शुद्धलेखन शेवटी. उलट केलंत तर पंधरा दिवस घासूनपुसून चकचकीत केलेलं प्रकरणच पुढे काढून टाकावं लागतं, आणि ते चकचकीत झालंय म्हणून काढवत नाही.

दोघांचे अभिप्राय अगदी उलट आहेत. एकाला नायिका आवडली, एकाला अजिबात नाही.

उत्तम. दोघांनी तिच्याबद्दल तावातावाने बोललं म्हणजे ती जिवंत आहे. काळजी करायची ती जिच्याबद्दल सहांपैकी कोणीच काही बोललं नाही तिची.

एका वाचकाला पात्रात स्वतःचे काका दिसले. तो रागावला आहे.

हा अभिप्राय छापण्याआधी मिळाला हे बरंच झालं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्या ३५६ व्या कलमात अब्रुनुकसानी हा गुन्हा आहे. "सर्व पात्रे काल्पनिक आहेत" एवढ्या ओळीने सुटका होतेच असं नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही. माणूस ओळखू येतो तो तीन-चार तपशिलांच्या जुळणीतून: धंदा, पेठ, एखादं व्यंग, एक गाजलेला प्रसंग. त्यातले किमान दोन बदला, आणि तो प्रसंग तर मुळातूनच वेगळा रचा. मग त्याच काकांना ओळखणाऱ्या दुसऱ्या माणसाला ती पानं दाखवा. त्यालाही ओळखू आले तर पुन्हा बदला.

कोणी माझी कादंबरी चोरली तर?

पहिल्या वाचकांकडून चोरी होणं फार विरळ. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लिहिताक्षणीच हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षं टिकतो. संरक्षण मांडणीला असतं, कल्पनेला नाही. गिरणीच्या संपावर दुसराही लिहू शकतो. पुरावा म्हणून प्रत्येक खर्डा स्वतःलाच ईमेल करून ठेवा आणि प्रत कोणाला कधी दिली ते वहीत लिहा. तरी मन स्वस्थ नसेल तर कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन नोंदणी करता येते.

वाचकाला पैसे द्यावेत का?

ओळखीतल्या वाचकाला नको. पैसे घेतले की तो चुका काढून पैसे फेडतो. पुस्तक निघालं की सही करून प्रत द्या, आणि आभारात नाव घालण्याआधी विचारा. काहींना ते नको असतं. व्यावसायिक संपादकाचं काम वेगळं. त्याला मोबदला द्यायचाच, पण या दोन फेऱ्या झाल्यावर.

अशा किती फेऱ्या करायच्या? प्रकाशकाकडे कधी पाठवू?

दोन. फार तर तिसरी, तीही रचना बदलली असेल तरच. दुसऱ्या फेरीच्या प्रतींत आडव्या रेघा प्रकरणांच्या शेवटाकडे सरकल्या आणि उरलेल्या खुणा सगळ्या पुस्तकात विखुरल्या, की प्रत पाठवायला हरकत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेसाठी पाठवणार असाल तर त्या वर्षीच्या जाहिरातीतल्या पानांच्या आणि टाइपाच्या अटी पाहून वेगळी प्रत काढा. पेन्सिलच्या खुणांच्या प्रती रद्दीत घालू नका. प्रकाशकाचा संपादक सहा महिन्यांनी "हे प्रकरण काढू या का?" असं विचारेल, तेव्हा त्या प्रकरणात किती टिंबं पडली होती ते तुम्हाला मोजायचं आहे.